अजब खेळाडू रूब वॉडेल

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही क्रिकेट खेळता, क्रिकेट पाहता आणि त्यावर तासन्‌तास बोलता. आज मी तुम्हाला दुसऱ्याच एका खेळातल्या खेळाडूची ओळख करून देणार आहे. खेळ आहे बेसबॉल, देश आहे अमेरिका आणि काळ आहे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. या खेळाडूचे नाव रूब वॉडेल. त्याचा खेळ पाहायला हजारो लोक येत. पण त्यांतले पुष्कळ जण खेळ पाहायला येत, की आज हा माणूस कोणता वेडेपणा करतो ते पाहायला येत, हे सांगणे कठीण आहे.

आधी बेसबॉलविषयी थोडेसे. हा खेळ म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊच. त्यातही एक जण चेंडू टाकतो आणि दुसरा तो लाकडी दांडक्याने टोलवतो. मात्र चेंडूचा टप्पा पडत नाही. तो सरळ फलंदाजाकडे फेकला जातो. मारण्याजोगे तीन चेंडू मारता आले नाहीत की फलंदाज बाद. दोन्ही संघांना आळीपाळीने नऊ नऊ डाव मिळतात. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात. चेंडू फेकणाऱ्याला तिकडे पिचर म्हणतात; आपण या पाठात त्याला गोलंदाजच म्हणू, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

रूबचे खरे नाव जॉर्ज एडवर्ड वॉडेल. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड या गावी १३ ऑक्टोबर १८७६ रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे बालपण खेड्यात, शेतशिवारात गेले. शाळेत त्याचे मन रमत नसे. गळ टाकून मासे धरावेत, रानात भटकावे, शेतात उतरणाऱ्या पाखरांना दगड मारून हाकलावे, हेच त्याचे आवडते उद्योग होते. हे दगड मारता मारताच त्याचा डावा हात तयार झाला, असे म्हणतात. मोठा झाल्यावर तो सहा फुटांहून उंच, रुंद खांद्यांचा गडी दिसू लागला. त्याने फेकलेला चेंडू इतक्या वेगाने येई आणि शेवटच्या क्षणी असा वळे, की फलंदाज नुसता पाहत राही.

शहरातल्या खेळाडूंनी या खेडवळ मुलाला रूब असे नाव ठेवले. रूब म्हणजे गावंढळ. चेष्टेने ठेवलेले हे नाव त्याला जन्मभर चिकटले. पुढे तो एवढा नावाजला, पण त्याचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक राहिले.

सन १८९७ मध्ये लुइव्हिल या शहराच्या संघातून तो मोठ्या सामन्यांत प्रथम उतरला. १९०० साली तो पिट्सबर्गच्या संघात होता. खेळ उत्तम, पण शिस्तीचे नाव नाही. सरावाच्या वेळी तो गायब होई आणि शोधायला जावे तर रस्त्यावर लहान मुलांबरोबर गोट्या खेळताना सापडे. संघाचा कर्णधार फ्रेड क्लार्क कडक होता. त्याने रूबला संघातून दूर केले. रूबला त्याचे फारसे दुःख झाले नाही. तो पंक्सटॉनी नावाच्या एका लहानशा गावी गेला आणि तिथल्या गावकऱ्यांच्या संघातून मजेत खेळू लागला.

आता या कथेत एक दुसरा माणूस येतो. त्यांचे नाव कॉनी मॅक. हे उंच, सडपातळ, मृदुभाषी गृहस्थ त्या वेळी मिलवॉकीच्या संघाचे व्यवस्थापक होते. रूबचा हात त्यांनी पाहिला होता. ते स्वतः आगगाडीने पंक्सटॉनीला गेले. रूब यायला तयार झाला, पण गावात त्याची जागोजागी उधारी होती. मॅक त्याच्याबरोबर दुकानादुकानांतून फिरले आणि सगळी उधारी फेडली. नंतरचा प्रसंग मॅक पुढे आयुष्यभर सांगत असत. ते दोघे स्टेशनावर गाडीची वाट पाहत होते. इतक्यात गावातले काही लोक येताना दिसले. गावाचा सर्वांत चांगला खेळाडू आपण पळवून नेत आहोत, तेव्हा आता काही आपली धडगत नाही, असे मॅक यांना वाटले. पण ते लोक आले होते आभार मानायला! रूबला तुम्ही घेऊन जाता, ही आमच्यावर मोठी मेहेरबानी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हसू येते ना? मलाही हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा हसू आले. पण ज्याच्या खेळावर टाळ्या वाजवल्या, तोच माणूस गावातून गेला तर बरे, असे त्या गावाला वाटत होते. रूबच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडले आहे.

मॅक यांनी त्याला ओरडून, दंड करून वळणावर आणण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी त्याला काय आवडते ते पाहिले. ऑगस्ट १९०० मध्ये शिकागोच्या संघाशी एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला सामना लांबत लांबत १७ डावांपर्यंत गेला. एवढा वेळ एकटा रूब गोलंदाजी करत होता आणि सामना त्याने जिंकून दिला. दुसऱ्या सामन्यासाठी मॅक यांच्याजवळ ताजा गोलंदाज नव्हता. त्यांनी रूबला सांगितले, की तू हाही सामना खेळलास तर पीवॉकी तलावावर तीन दिवस मासे धरायला जायची सुट्टी. रूबचा थकवा पळाला! दोन्ही संघांच्या संमतीने दुसरा सामना पाच डावांचाच झाला आणि तोही त्याने जिंकला.

पुढे मॅक फिलाडेल्फियाच्या संघात गेले. १९०२ साली त्यांना गोलंदाजाची गरज पडली, तेव्हा रूब पार कॅलिफोर्नियात जाऊन खेळत होता. तो वाटेत कुठे उतरून जाईल याचा नेम नव्हता. म्हणून मॅक यांनी पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीची माणसे पाठवून त्याला आणवले. अर्धा हंगाम संपत आला होता, तरी रूबने २४ सामने जिंकले आणि फिलाडेल्फियाचा संघ विजेता ठरला. त्याच वर्षी १ जुलैला त्याने एका डावात नऊच चेंडू टाकले आणि तिघे फलंदाज बाद केले. एकही चेंडू वाया नाही!

यानंतरची चार वर्षे म्हणजे रूबच्या आयुष्यातला भरतीचा काळ. १९०२ पासून १९०७ पर्यंत सलग सहा वर्षे त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त फलंदाजांना चेंडू चुकवून बाद करणारा गोलंदाज तोच होता. १९०४ साली त्याने असे ३४९ बळी घेतले. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण त्याचीही एक गंमत आहे. त्या वेळच्या नोंदींत हा आकडा ३४३ लिहिला गेला होता. १९४६ मध्ये बॉब फेलर या गोलंदाजाने ३४८ बळी घेतले आणि वॉडेलचा विक्रम मोडला म्हणून वर्तमानपत्रांनी त्याची तारीफ केली. मग कोणीतरी जुने कागद काढून पुन्हा मोजणी केली. ती भरली ३४९. मरून ३२ वर्षे झालेला रूब एका बळीने पुढेच राहिला! शेवटी १९६५ मध्ये सँडी कूफॅक्सने हा विक्रम मोडला. १९०५ च्या ४ जुलैला बॉस्टन येथे साय यंग या थोर गोलंदाजाशी त्याची गाठ पडली. २० डाव दोघेही थकले नाहीत. अखेर रूबचा संघ जिंकला.

असा हा गुणी खेळाडू. पण वर्तमानपत्रांत त्याच्या बळींपेक्षा त्याच्या खोड्याच अधिक छापून येत. रस्त्यावरून आगीचा बंब घंटा वाजवत निघाला, की त्याच्यामागे धावण्याचा मोह त्याला आवरत नसे. तो नुसता पाहायला जात नसे. आग विझवायला हात लावी. मिरवणुकीचा बँड दिसला की त्याच्यापुढे चालू लागे. प्रदर्शनीय सामन्यांत तो आपल्या क्षेत्ररक्षकांना चक्क खाली बसायला सांगे आणि एकटा फलंदाजांना बाद करून दाखवी. हिवाळ्यात तो मगरींशी झुंजला, अशा बातम्या आल्या. १९०३ च्या सुमारास एका नाटक कंपनीनेही त्याला घेतले. त्याला पाठांतर जमेना, म्हणून रंगमंचावर जे सुचेल ते बोलायची मुभा दिली. तरीही प्रेक्षक गर्दी करत. त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहणारा जोडीदार श्रेकेनगॉस्ट याने तर आपल्या करारात एक कलम घालून मागितले, असे सांगतात: वॉडेलने बिछान्यात बसून बिस्किटे खाऊ नयेत! त्या काळी प्रवासात दोन खेळाडूंना एकाच बिछान्यावर झोपावे लागे. बिस्किटांचा चुरा टोचून श्रेकेनगॉस्ट बिचारा रात्रभर कूस बदलत राही.

या गोष्टींत बातमीदारांनी आपल्या पदरचे तिखटमीठ पुष्कळ घातले आहे. गोष्ट जितकी तिखट तितका पेपर खपतो. पण मैदानावर जे घडत होते, ते सर्वांच्या डोळ्यांदेखत घडत होते. रूबचे लक्ष चटकन विचलित होते, हे विरुद्ध संघाच्या लोकांना ठाऊक झाले होते. तो चेंडू टाकायला उभा राहिला की प्रेक्षकांतून कोणी कुत्र्याची पिल्ले उंच धरी, कोणी चकाकणारी खेळणी हलवी. रूबची नजर तिकडे जाई. लोक पोट धरून हसत. विचार करा, एखादा लंगडा माणूस चालत असताना कोणी त्याच्या वाटेत काठी आडवी टाकली, तर तुम्ही हसाल काय? पाय दिसतो, मन दिसत नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र खोटे होईल. रूब फार दारू पीत असे. हाती पैसा आला की तो टिकत नसे. म्हणून मॅक त्याला पगार एकदम न देता थोडा थोडा, कधी एकेका डॉलरच्या नोटांत देत. दारू प्यायला की तो भांडखोर होई. १९०३ मध्ये एका प्रेक्षकाने त्याला डिवचले, तेव्हा तो थेट प्रेक्षकांत चढला आणि त्या माणसाला त्याने मारले. त्याबद्दल त्याला काही दिवस खेळायला बंदी झाली. त्याने तीन लग्ने केली. तिन्ही संसार दुःखाचे झाले. १९०५ साली तर त्याने सासरच्या माणसांवर हात उगारला. त्याच्या बायकांना काय सोसावे लागले असेल, याविषयी त्या काळच्या बातमीदारांनी थट्टेपलीकडे काही लिहिले नाही. एका क्रीडा साप्ताहिकाने डावखुरा आणि दारुडा या दोन शब्दांची सांगड घालून त्याला एक विनोदी नाव बहाल केले. लोकांनी तेही उचलून धरले. दारुडा म्हटले की हसायला मोकळे!

त्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्याचा खेळ शिखरावर होता. त्याने २७ सामने जिंकले. लीगमध्ये सर्वांत जास्त विजय, सर्वांत जास्त बळी आणि धावा देण्याची सर्वांत कमी सरासरी, या तिन्ही गोष्टी त्याच्याच नावावर होत्या. हंगामाच्या शेवटी अजिंक्यपदाची लढत न्यूयॉर्कच्या संघाशी होणार होती. सप्टेंबरमध्ये संघ प्रवासात असताना रेल्वेच्या फलाटावर रूबला त्याचा सहकारी अँडी कोकली डोक्यावर गवताची हॅट घालून येताना दिसला. उन्हाळा सरला की गवताची हॅट कोणी घालायची नाही आणि घातली तर मित्रांनी ती फोडायची, अशी त्या दिवसांत तिकडे रीत होती. रूब धावला. झोंबाझोंबी झाली, रूब आपटला आणि त्याच्या डाव्या खांद्याला दुखापत झाली. अजिंक्यपदाच्या लढतीत तो एकही चेंडू टाकू शकला नाही. फिलाडेल्फियाचा संघ चार सामने हरला आणि एकच जिंकला. मग लोकांच्या जिभा सुटल्या. जुगारी लोकांनी रूबला पैसे चारले, म्हणून तो दुखापतीचे सोंग करतो, असे बोलले जाऊ लागले. या आरोपाला पुरावा कधीच मिळाला नाही. मॅक यांनीही त्यावर विश्वास ठेवला नाही. मलाही तो पटत नाही. ज्याला खिशातला डॉलर सांभाळता येत नव्हता, तो असले कपट मनात जपून ठेवील, हे संभवत नाही.

रूबला नेमके काय झाले होते, असे तुम्ही विचाराल. अलीकडच्या काही लेखकांना वाटते, की त्याला लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार असावा, किंवा त्याच्या मनाची वाढ इतरांपेक्षा वेगळी झाली असावी. पण माणूस समोर नसताना रोगाचे नाव सांगणे डॉक्टरालाही शोभत नाही, मग तुम्हा-आम्हाला कसे शोभेल? एवढे मात्र खरे, की त्याच्या खांद्याला मालीश करायला माणसे होती आणि मनाची विचारपूस करायला कोणी नव्हते. त्या काळी ती रीतच नव्हती. २००६ साली इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कॉथिक भारताचा दौरा अर्धा टाकून मायदेशी परतला. तेव्हाही खरे कारण लोकांना सांगितले गेले नाही. मनाच्या आजारपणाची कहाणी त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिली, ती २००८ मध्ये. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने मात्र मनाला विश्रांती हवी, असे उघड सांगून काही काळ क्रिकेट थांबवले. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स मन थाऱ्यावर नाही म्हणून सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. तिला नावे ठेवणारे निघाले, तसे पाठीशी उभे राहणारेही पुष्कळ निघाले. रूबच्या पाठीशी फार तर एक मॅक होते. त्यांनाही आपला संघ सांभाळायचा होता.

अखेर त्यांचाही इलाज खुंटला. रूबच्या वागण्याला बाकीचे खेळाडू कंटाळले होते. १९०८ च्या सुरुवातीला मॅक यांनी त्याला ५,००० डॉलरला सेंट लुइसच्या संघाला देऊन टाकले. त्याच वर्षी जुलैमध्ये रूब आपल्या जुन्या संघाविरुद्ध खेळायला उतरला आणि त्याने १६ जणांना बाद केले. मॅक यांना त्या दिवशी काय वाटले असेल? पण हा दिव्याचा शेवटचा उजेड होता. हळूहळू खेळ उतरत गेला. १९१० मध्ये मोठ्या सामन्यांतून तो कायमचा बाहेर पडला. तोवर त्याने १९३ सामने जिंकले होते आणि २,३१६ फलंदाजांना चेंडू चुकवून बाद केले होते.

यानंतर तो लहान संघांतून खेळू लागला. मिनियापोलिसच्या संघाचे व्यवस्थापक जो कँटिलॉन यांनी त्याला जवळ केले. हिवाळ्यात तो केंटकी राज्यातील हिकमन या गावी त्यांच्या घरीच राही. हे गाव मिसिसिपी नदीच्या काठी आहे. १९१२ च्या वसंत ऋतूत मिसिसिपीला मोठा पूर आला. गावाचा बांध फुटण्याची वेळ आली. गावकरी वाळूची पोती रचायला धावले. त्यांत रूब होता.

बंबाची घंटा ऐकून धावणारा हा माणूस पुराची हाक ऐकून घरात बसणे शक्यच नव्हते. बर्फासारख्या गार पाण्यात उभा राहून तो तासन्‌तास पोती वाहत आणि रचत राहिला. त्या वेळी त्याच्याकडे पाहून कोणी हसले नाही. कोणी पिल्ले दाखवली नाहीत. तोच स्वभाव, तेच शरीर, तोच आततायीपणा. या वेळी मात्र गावाला त्याचीच गरज होती.

या श्रमाने त्याला न्यूमोनिया झाला. त्यातून उठून तो पुन्हा खेळला, पण पहिली ताकद परत आली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पूर आला आणि पुन्हा आजाराने त्याला गाठले. मग क्षयाने शरीर पोखरले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. कोरडी हवा हाच उपाय समजत. म्हणून त्याला टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे बहिणीकडे नेले आणि तिथल्या आरोग्यधामात ठेवले. तिथेच १ एप्रिल १९१४ रोजी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ३७ वर्षे. एप्रिलचा पहिला दिवस म्हणजे एकमेकांना फसवून हसण्याचा दिवस.

१९४६ मध्ये अमेरिकेतील बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या यादीत रूबचे नाव घालण्यात आले. कॉनी मॅक तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि अजूनही फिलाडेल्फियाचा तोच संघ सांभाळत होते.

रूबच्या कबरीवर सुरुवातीला एक साधी लाकडी खूण होती. काही वर्षांनी सॅन अँटोनियोच्या बेसबॉल संघाच्या अध्यक्षांना ती दिसली. त्यांनी पैसे जमवायला सुरुवात केली आणि कबरीवर ग्रॅनाइटचा मोठा दगड उभा राहिला. या कामी मॅक यांची मदत झाली, हे तुम्ही ओळखलेच असेल. मदत करणाऱ्यांत दुसरे नाव होते जॉन मॅग्रॉ यांचे. १९०५ सालच्या अजिंक्यपदाच्या लढतीत रूबवाचून खेळणाऱ्या फिलाडेल्फियाला ज्या न्यूयॉर्कच्या संघाने हरवले, त्या संघाचे हे व्यवस्थापक.